आधी माणसं, मग पाणी, मग जमीन, आणि घर सगळ्यात शेवटी

शहरात राहणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक घर असतं. छोटंसं, पुढे अंगण, मागे चार झाडं, आणि संध्याकाळी आपली सगळी माणसं बाहेर बसलेली. माझ्याही मनात होतं, खूप वर्षं होतं, आणि आज आम्ही सात जण शहर सोडून गावाकडे खरंच तसे राहतोय. मी, बायको, मुलगी, आई-बाबा, धाकटी बहीण आणि तिचा नवरा. कसं जमवलं असं इतके जण विचारतात की म्हटलं एकदाच नीट बसून लिहावं.

सगळ्यात आधी हे सांगतो, की आपण बहुतेक जण सुरुवातच उलट्या टोकाने करतो. आधी घरांचे फोटो बघतो, मग जमीन बघायला फिरतो, मग पाण्याचं काय ते नंतर बघू म्हणतो आणि घरातल्या माणसांना विचारतो सगळ्यात शेवटी, तेही 'घेतलंय आता, चला' अशा सुरात. आम्हीही तेच करणार होतो, टोकन द्यायचं तेवढं राहिलं होतं. बहीण म्हणाली थांब, आधी प्रत्येकाला काय हवंय ते तरी कळू दे. त्या एका वाक्याने आमचं सगळं वाचलं.

मंगळवार लिहून काढा

घरातल्या प्रत्येकाला एक कोरा कागद द्या, लहान मुलांनाही द्या. त्यावर लिहायचं, तिकडे राहायला गेल्यानंतरचा एक साधा मंगळवार, उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने. रविवार मुद्दाम नको, रविवार सगळ्यांचा छानच असतो. आणि एकमेकांचं बघून लिहायचं नाही.

आमचे सात कागद मी टेबलावर ओळीने मांडले. बाबांचा सकाळी झाडांना पाणी, दुपारी वाचन. बहिणीचा दिवसभर लॅपटॉपवर काम आणि संध्याकाळी लांबवर फिरायला. मुलीच्या कागदावर एक कुत्रा होता आणि त्याच्याबरोबर करायच्या गोष्टींनीच पान भरलेलं. पाच कागदांवर संध्याकाळी 'सगळ्यांनी एकत्र जेवण' असं लिहिलं होतं, त्यातला एक माझा. आणि तो स्वयंपाक कोण करणार हे एकाही कागदावर नव्हतं. आईचा कागद सगळ्यात छोटा, चारच ओळी, त्यातली तिसरी ओळ अशी, 'दुपारी कुणीतरी हाक मारेल, चला जेवायला.' चाळीस वर्षं ही हाक तिनेच मारली होती आम्हाला. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

तर या कागदांमधून तुम्हाला दोन याद्या काढायच्या आहेत. एक, प्रत्येकाला काय हवंय. दुसरी जास्त महत्त्वाची, कुणीच न लिहिलेली कामं. स्वयंपाक, भांडी, संडास-बाथरूम धुणं, आजारी माणसाजवळ बसणं, मुलांना शाळेत सोडणं, मोटर बंद पडली की बघणं, कचऱ्याचं काय करायचं ते. गावाकडे ही कामं कमी होत नाहीत, वाढतात, कारण फोन केला की दहा मिनिटांत माणूस हजर असं तिथे नसतं. या प्रत्येक कामापुढे नाव पडल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. आणि सगळी नावं एकाच बाईची येत असतील तर ते स्वप्न बाकीच्यांचं आहे, तिचं नाही, आणि हे तिच्यासमोर मोठ्याने बोलून मान्य करा. आमच्याकडे आता आठवड्याचा तक्ता आहे, आईचं नाव त्यात एकदाच येतं, तेही तिनेच हट्टाने घातलं म्हणून.

एकत्र म्हणजे किती एकत्र

हा सगळ्यात नाजूक भाग. प्रेम आहे म्हणून सगळं एकच ठेवायचं, एक स्वयंपाकघर, एक पाकीट, एक दार, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. काही ठिकाणी ते चाललंही आहे. 1910 साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू केलं, त्यांचे मित्र हर्मन कॅलेनबाख यांनी दिलेल्या सुमारे 1100 एकर जागेवर, तिथे वेगवेगळ्या धर्मांची, भाषांची कुटुंबं एकाच स्वयंपाकघरात जेवायची. पण ते सगळे सत्याग्रहाच्या लढ्यात होते, समोर एक मोठं काम होतं, आणि ते सगळं दोन-तीन वर्षांपुरतं होतं. आपल्याला आयुष्य काढायचंय, हा फरक लक्षात घ्या. त्याच 1910 मध्ये आजच्या इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठी देगानिया नावाचा पहिला किबुत्झ, म्हणजे ज्यू लोकांची सामाईक शेतवस्ती, उभा राहिला, पुढे असे शेकडो झाले, जमीन सामाईक, जेवण सामाईक, आणि कितीतरी किबुत्झांमध्ये मुलंसुद्धा आईवडिलांपासून वेगळी, मुलांच्या घरात झोपायची. ती पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झाली, आईबापांनीच मुलांना रात्री आपल्याजवळ आणलं. जीव लावणाऱ्या माणसांनाही आपलं आपलं दार हवं असतं, मला तरी यातून हेच कळतं.

म्हणून आमचं ठरलं ते असं. प्रत्येक जोडप्याला स्वतःचं दार जे बाहेर उघडतं, म्हणजे कुणाच्या खोलीतून जावं लागत नाही. प्रत्येकाकडे छोटा ओटा, पाणी तापवता येईल, वेळी-अवेळी काही करून खाता येईल एवढा. आणि दिवसातून एकच जेवण एकत्र, रात्रीचं. त्या एका जेवणाला मात्र सगळे असतात, आणि ते सक्तीचं नाही म्हणूनच असतात असं मला वाटतं.

पैशाचं बोलणं टाळू नका. आपल्याच माणसांशी काय लिखापढी करायची असं वाटतं, मलाही वाटलं, बाबांना तर वाईटही वाटलं. पण आपल्याच माणसांशी करायची असते, कारण परक्याशी बिनसलं तर फक्त पैसे जातात. जमीन कुणाच्या नावावर, किती वाटा, कुणाला उद्या बाहेर पडायचं असेल तर त्याचा वाटा कसा मोजायचा आणि किती महिन्यांत द्यायचा, कुणी वारलं तर मागे राहिलेल्याला तिथून कुणी उठवू शकणार नाही हे कसं पक्कं करायचं, हे चार प्रश्न कागदावर उतरवा आणि त्या भागातले जमिनीचे कायदे माहीत असलेल्या वकिलाला दाखवा. बोलणी सुरू असताना कुणाचा आवाज चढला तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आम्हाला अकरा बैठका लागल्या.

पैसे किती हा प्रत्येकाचा आपला हिशोब, पण माझं मत सांगतो. जमीन आणि घर मिळून साठवलेल्या पैशाच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. दोन वर्षांचा घरखर्च वेगळा काढून ठेवा आणि त्याला हात लावू नका. जमिनीतून पहिली दोन-तीन वर्षं काही हाती येईल असं धरूच नका, निदान एका माणसाची बाहेरची कमाई सुरू राहिली पाहिजे.

वाईट महिन्यात जाऊन राहा

जागा बघायला सगळे छान ऋतूत जातात, हिरवंगार असताना. तुम्ही उलटं करा. त्या भागातला सगळ्यात त्रासाचा महिना कोणता ते तिथल्या लोकांना विचारा, कुठे तो कडक उन्हाचा असेल, कुठे पावसाचा, कुठे गोठवणाऱ्या थंडीचा, आणि त्या महिन्यात भाड्याने खोली घेऊन सगळ्यांनी जाऊन राहा. वर्षभर भाड्याने राहता आलं तर त्याच्यासारखं काही नाही. पाहुण्यासारखं राहायचं नाही, कामं तक्त्याप्रमाणे, ऑफिसचं काम तिथूनच, मुलांचा अभ्यास तिथूनच. नेट संध्याकाळी आणि पावसात चालतं का ते याच महिन्यात कळतं, वीज किती वेळा जाते तेही.

आणि एका रात्री हे नक्की करा, दोन वाजता गाडी काढा आणि जवळच्या, रात्री डॉक्टर असणाऱ्या दवाखान्यापर्यंत जा, घड्याळ लावून. नकाशावर वीस मिनिटं दाखवत होतं, आम्हाला अंधारात, खड्ड्यांतून, बेचाळीस मिनिटं लागली. बाबांना हृदयाचा त्रास आहे, त्यामुळे मनापासून आवडलेली ती जागा आम्ही सोडली. वाईट वाटलं, पण बाबांच्या मंगळवारासाठी बाबा हवेत ना.

सापाविंचवाचं पण तेव्हाच विचारून घ्या, विषावरचं औषध नेमकं कुठल्या दवाखान्यात ठेवलेलं असतं ते. साप चावला तर घट्ट आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, अंगठी-कडं काढायचं, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा, हे घरातल्या लहान मुलालाही पाठ पाहिजे.

पाणी

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पाणी चुकलं तर बाकी काहीच बरोबर येत नाही.

आधी गरज काढा. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं धरून माणशी दिवसाला 50 ते 100 लिटर लागतं, जागतिक आरोग्य संघटनाही साधारण एवढंच धरते. आम्ही सात जण, 100 ने धरलं तर दिवसाला 700 लिटर. समजा वर्षातले चार महिने पूर्ण कोरडे जातात, म्हणजे 120 दिवस, तर नुसत्या घराला 84 हजार लिटर. आता छप्पर बघा. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं, इतका सोपा हिशोब आहे. 100 चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला 1000 मिलिमीटर पाऊस असेल तर 1 लाख लिटर, त्यातलं 20 टक्के वाहून-उडून गेलं तरी 80 हजार उरतं. म्हणजे टाकी तेवढी मोठी बांधली तर कोरड्या दिवसांतलं घरापुरतं पाणी जवळजवळ छपरावरूनच मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं बाहेर सोडून द्यायचं, त्यात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

पण बाग यात भागत नाही. उन्हाच्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला दिवसाला साधारण 5 लिटर लागतं, म्हणजे 100 चौरस मीटरच्या बागेला 500 लिटर, रोज. त्याला विहीर किंवा बोअर लागणार. आणि ती बघायची कोरड्या दिवसांच्या अगदी शेवटी. बाबांनी दोरीला दर मीटरला एक गाठ मारली होती आणि खाली दगड बांधला होता, जिथे जाऊ तिथे विहिरीत सोडून किती गाठी ओल्या येतात ते मोजायचे. एका ठिकाणी मालकाने विहीर बारमाही आहे म्हणून सांगितलं आणि आमची फक्त एक गाठ ओली आली. मोटर सलग चालवून विहीर उपसून घ्या आणि पाणी परत मूळ पातळीला यायला किती तास लागतात ते बघा, नुसतं पाणी दिसतंय याला काही अर्थ नाही. शेजारच्या दोन-तीन विहिरीही बघा, आणि हे मालकाला नाही, शेजारी पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. पिण्याचं पाणी लॅबमधून तपासून घ्या.

शोषखड्डा किंवा संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान 30 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा, शेजाऱ्याचा खड्डाही मोजा, तो आपल्या विहिरीच्या वरच्या अंगाला नाही ना ते बघा.

जमीन

जमीन कमी घ्या. मोठ्या जमिनीचा मोह होतो, पण रोज जेवढी पायाखालून जाईल तेवढीच सांभाळली जाते. कागदपत्रं, येण्याजाण्याचा रस्ता कायद्याने आपला आहे का, आणि पुराचं पाणी कुठवर येतं, या तीन गोष्टी वकील आणि शेजारी दोघांकडून तपासा.

माती घरीच तपासता येते. काचेच्या उभ्या बरणीत अर्ध्याला थोडी कमी माती घ्या, पाणी भरा, चिमूटभर साबण पावडर टाका, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती रेती, दोनएक तासांत त्यावर बसतो तो पोयटा, आणि एक-दोन दिवसांनी सगळ्यात वर बसते ती चिकणमाती. रेती आणि पोयटा साधारण सारखे आणि चिकणमाती पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर भाजीला उत्तम माती. नसली तरी बिघडत नाही, कंपोस्टने तीन-चार वर्षांत सुधारते. आमची बरणी मुलीने खिडकीत ठेवली होती आणि शाळेतून आली की पट्टी लावून थर मोजायची.

घर

घर शेवटी, कारण आत्तापर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की कोण कुठे बसतं, कुणाला सकाळचं ऊन हवं, कुणाला शांतता. आधी छोटं बांधा, वाढवता येईल असं. पैसे भिंतींपेक्षा छपरावर, टाकीवर आणि ओसरीवर घाला, सगळ्यांचं एकत्र बसणं ओसरीवरच होतं. आईबाबांची खोली तळमजल्यावर, दाराला उंबरा नको, बाथरूममध्ये धरायला दांडा हवा, हे आज गरज नसली तरी आजच करा. सोलर बसवणार असाल तर 1 किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतं, फ्रिज, दिवे, पंखे, लॅपटॉप निघतात, पाणी तापवायचं मात्र त्यावर धरू नका, त्याला वेगळा सोलर हीटर लावा.

पहिलं वर्ष

हात आखडते ठेवा. भाजीचे दोन-तीन वाफे, बस. झाडं मात्र पहिल्याच वर्षी लावा, कलमी झाडालाही नीट फळं धरायला तीन-चार वर्षं लागतात आणि बियांवरचं त्याहून जास्त घेतं. कंपोस्टचा ढीग मीटरभर लांब, रुंद, उंच तरी हवा म्हणजे आत उष्णता धरते, चांगला जमला तर मध्ये 55 ते 65 अंशांपर्यंत जातो, हात घातला तर चटका बसतो. ओला हिरवा कचरा एक पाटी तर सुका पाला दोन-तीन पाट्या, वास आला तर सुकं वाढवा, ढीग थंडच राहिला तर पाणी आणि हिरवं वाढवा.

जनावरं पहिल्या वर्षी नको, कितीही वाटलं तरी नको. दुभत्या गाईची दिवसातून दोनदा धार काढावी लागते, तुम्हाला ताप असो की घरात कार्य असो, आणि पाणीच ती दिवसाला 50 लिटरच्या वर पिते. शेळी एकटी राहत नाही, दोन तरी लागतात. कोंबड्यांपासून सुरुवात करा पण तीही दुसऱ्या वर्षी, पिल्लं आणली तर अंडी द्यायला पाच-सहा महिने लागतात, आणि दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, तेव्हा काहीतरी चुकलं म्हणून घाबरू नका. मुलीचा कुत्रा आम्ही पहिल्या महिन्यात आणला, त्याला मी नाही म्हणू शकलो नाही, आणि ते बरोबरच झालं.

आणि शेजारी. आपण मोकळ्या जागेत चाललोय असं वाटतं पण तिथे आधीपासून माणसं राहतात, त्यांचं आयुष्य तिथे रुजलेलं आहे. पहिलं वर्षभर फक्त विचारा, शिकवायला जाऊ नका. कुंपण घालायच्या आधी जाऊन सांगा, पायवाट बंद करू नका, काम करायला येणाऱ्याचे पैसे त्याच दिवशी द्या. आमची मोटर भर उन्हाळ्यात जळली तेव्हा तीन दिवस पाणी शेजारच्या विहिरीवरून आलं, आणि कुणीही ते बोलून दाखवलं नाही.

तीन-चार महिन्यांनी घरातलं कुणीतरी गप्प होतं. बहुतेक घरांत होतं, आमच्याकडे बायको झाली. मैत्रिणी तिकडे राहिल्या, संध्याकाळ लवकर अंधारते, आणि आपण स्वतःहून आलोय म्हणून तक्रार करायची चोरी वाटते. त्या माणसाला समजावत बसू नका, त्याला महिन्यातून चार दिवस शहरात जाऊ द्या, एकट्याला, हिशोब न मागता. आम्ही ते तक्त्यात घातलं, सगळ्यांसाठीच. आणि दर सहा महिन्यांनी कागद पुन्हा वाटा, पुन्हा मंगळवार लिहा, कारण माणसं बदलतात. शेवटच्या वेळी बाबांनी वाचनाच्या जागी पूर्ण दुपार झोप लिहिली आणि मुलीच्या कागदावर कुत्रा एकाच ओळीत आला, बाकी सगळ्या मैत्रिणी होत्या. आता तिच्यासाठी शाळेच्या गावात आठवड्यातून दोन संध्याकाळी थांबायची सोय बघतोय, तिच्या दोन मैत्रिणींच्या घरी बोलून ठेवलंय.

सगळेच येणार नाहीत हेही धरून चला. माझा मोठा भाऊ नाही आला, त्याचं काम, त्याचं घर तिकडे आहे आणि त्याला शहर आवडतं. त्याच्यासाठी एक खोली ठेवलीय, त्यात सामान भरायचं नाही हा नियम आहे, चादरी धुतलेल्या असतात आणि किल्ली त्याच्याकडे असते. तो येतो तेव्हा त्याचंही नाव तक्त्यात लागतं, बहुतेक भांड्यांना, आणि ते कुणी लावलं नसेल तर तो स्वतः पेन घेऊन लावतो.